अकरावीच्या फॉर्मातला पहिला नंबर

माझ्या पोटच्या मुलीनं मला फसवलं, आणि माझ्या नवऱ्यानं तिला साथ दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यागोत्यात ही गोष्ट आता गंमत म्हणून सांगितली जाते, आणि दर खेपेला तिच्यात माझं वेडेपण थोडं वाढतं. परवा एका बारशाला माझ्या जावेनं ती अशी रंगवली, की जणू मी सरकारच्या वेबसाइटशी भाव करत बसले होते. तसं झालं नव्हतं. मी जे केलं ते विचार करून केलं होतं, आणि मला जेवढं माहीत होतं त्या मानानं ते बरोबरच होतं. मला जे माहीत नव्हतं ते घरातल्या दोघांना माहीत होतं, आणि ते दोघं गप्प बसले. फसवणूक ती.

शहागंजात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हुक, बटणं. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. लग्नानंतर पहिली सहा वर्षं मी ब्लाउजपीसचं गाठोडं खांद्यावर टाकून सिडकोच्या कॉलन्यांतून दारोदार फिरले आहे, कुत्री चुकवत आणि 'आज नको' ऐकत. रागाचं म्हणाल, तर माझा आवाज शहागंजच्या घड्याळापर्यंत ऐकू येतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. फार तर अलीकडच्या चपलांच्या गल्लीपर्यंत जात असेल.

धंदा मला शेजारच्या बांगडीवाल्या चाचांनी शिकवला. सुरुवातीला ठोक माल आणायला जायची तेव्हा आवडलेल्या कापडावर माझा हात आपोआप जायचा आणि तिथंच भाव चढायचा. एकदा चाचा सोबत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बेटी, जो होना उसको हात नै लगाना. बाजूवाले को उठाना, उसको नामां रखना, और जाते जाते पूछना, वो कोने का कैसा दिया?" हवी ती वस्तू पहिल्यांदा दाखवायची नाही, बाजूची उचलायची, तिला नावं ठेवायची. एवढ्या एका गोष्टीवर मी दुकान उभं केलं. माझ्या नणंदेचं लग्नसुद्धा तसंच जमवलं. तिकडच्या मंडळींना शेवटपर्यंत वाटत होतं की आमची नजर त्यांच्या थोरल्यावर आहे.

तर मुलगी. एकुलती एक. दहावीला नव्वदच्या वर गुण पडले. तिला डॉक्टर करायचं हे मी ती दुसरीत असतानाच ठरवलं होतं. कारण साधं आहे. आयुष्यभर लोक माझ्याशी घासाघीस करत आले. फॉलच्या एका पट्टीसाठी कारमधून उतरलेली बाई माझ्याशी दहा मिनिटं घालते. मीही सगळ्यांशी करते, रिक्षावाल्याशी, गवंड्याशी, देवळाबाहेरच्या हारवाल्याशी. फक्त डॉक्टरसमोर बसले की माझं तोंड बंद होतं. तो सांगेल ते ऐकते आणि उठते. माझ्या मुलीनं त्या खुर्चीत बसावं, जिच्यासमोर माझ्यासारखी बाईसुद्धा गप्प होते, एवढीच माझी इच्छा होती. आणि त्यासाठी अकरावीला बायॉलॉजी लागतं.

मला स्वतःला सायन्सला जायचं होतं. लासूर स्टेशनजवळचं आमचं खेडं. दहावीनंतर वडिलांबरोबर कॉलेजात गेले तर तिथल्या क्लार्कनं मान वर न करता 'कला' लिहिलं आणि खाली चार विषय. गृहशास्त्र त्यातलं एक. मी चौकटीत उभी राहून भिंतीवरच्या तक्त्यातला बेडूक बघत होते, पोट उघडलेला, आतलं सगळं रंगीत. वडील म्हणाले, चल, बस निघंल. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की बेडूक हा शब्द आला की नवरा उठून पाणी प्यायला जातो.

मुलीला काय हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला दगड आवडतात. माझ्या भावाच्या शेतात विहीर खोदली तेव्हा ती सातवीत होती. सुट्टीभर मामाच्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर बसून असायची. पांढऱ्या, हिरवट, काचेसारख्या टोकदार गारगोट्या घेऊन आली, आणि माझ्या बटणांच्या रिकाम्या बरण्यांत भरून दुकानाच्या माळ्यावर ठेवल्या. एका दिवाळीला माळा झाडताना मी त्यातल्या दोन बरण्या कचऱ्यात घातल्या. मला बरण्या हव्या होत्या, बटणं सांडली होती. ती रडली नाही, भांडली नाही. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली, म्हणजे जरुरीपुरतं. मी समजले, पोरीला विशेष काही वाटलेलं नाही.

फॉर्म भरायचा तो दिवस शनिवार होता, दुपारची वेळ. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी स्टुलावर मोबाइल घेऊन बसली होती, मी काउंटरमागं, आणि माझे यजमान, ते वाळूजच्या कंपनीत आहेत, डबा घेऊन आले होते म्हणून तिथंच भाकरी खात बसले होते.

"मम्मी, दहा कॉलेजं लिहायचीत," ती म्हणाली. "पसंतीनं. एक नंबरपासून दहा नंबरपर्यंत."

"म्हंजी कसं?"

"जे सगळ्यात जास्त पाहिजे ते पहिलं."

मला हसू आलं. "व्हय का? आन त्यांना सांगायचं की आम्हाला हेच पाहिजे? मग ते काय करतील?"

"काय करतील?"

"डोनेशन सांगतील. गरजू गिऱ्हाईक ओळखू आलं की भाव चढतो. मोठं कॉलेज तीन नंबरला लिही. पहिले दोन नुसते दाखवायला."

नवऱ्यानं घास तोंडातच थांबवला. "अगं, ते तसं नसतंय बहुतेक. तो नियमाचा कागद एकदा वाच..."

एवढं बोलून ते थांबले. मला तेव्हा वाटलं माझ्या नजरेनं थांबले. आता मला नक्की आठवतं, स्टुलावरून तिचा पाय खाली आला होता आणि त्यांच्या चपलेवर होता.

"तुम्ही भाकरी खा," मी म्हणाले.

त्यांनी भाकरी खाल्ली.

"मग पहिलं कोणतं टाकू?" मुलगी अगदी गरीब आवाजात म्हणाली. "एखादं असं पाहिजे ना, जिथं आपल्याला जायचंच नाही."

"तूच सांग."

तिनं थोडा विचार केला. केल्यासारखं दाखवलं. मग म्हणाली, "ते जुनं कॉलेज आहे ना, झाडं झाडं आहेत ते? तिथं आता कोण जातंय? क्लासवाल्यांचं टायअप नाही, काही नाही."

"टाक तेच," मी म्हणाले. "पहिल्या नंबरला टाक."

"नक्की ना मम्मी? नंतर म्हणशील..."

"टाक म्हणलं ना!"

तिनं टाकलं. इतकं चांगलं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नाही. हवी ती वस्तू तिनं माझ्याच हातानं कपाटातून काढून घेतली, वर मला दोनदा विचारून. पुढं चार दिवस मी शेजारपाजाऱ्यांना सांगत होते की फॉर्म कसा भरावा हे आजकालच्या शिकलेल्या लोकांना समजत नाही.

यादी लागली तेव्हा मी एका बाईला अबोली रंगाचं अस्तर दाखवत होते. मुलगी धावत आली. "मम्मी, लागलं! पहिल्या नंबरचं!"

"बरं," मी अस्तर मोजत म्हणाले. "आता दुसरं दाखवा म्हण."

"दुसरं दाखवत नाहीत, मम्मी."

"म्हंजी?"

"पहिल्या पसंतीचं मिळालं की तिथंच घ्यावं लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. मग सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं."

ती बाई एका शाळेत शिक्षिका होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हो हो, तसंच आहे. पण पहिलंच मिळालं ना? छान झालं की! पेढे द्या."

मी तिला अस्तर दिलं. पेढे दिले नाहीत.

त्यानंतर मी काय बोलले ते लिहीत नाही. चपलांच्या गल्लीतून दोन माणसं बघायला आली एवढं सांगते. चाचा उठून आमच्या पायरीवर आले, सगळं ऐकून घेतलं, आणि मग असे हसले की त्यांना खोकला लागला. "बेटी, ये छोरी तो तेरे कू तेरीच दुकान में बेच के गई!"

"चाचा, हसू नका. हे तुम्हीच शिकवलं."

"मै कपडे का बोला था. कॉलेज का कब बोला?"

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला धरलं. नियम ठाऊक होता की नाही? ते म्हणाले, कंपनीत एकाच्या मुलाचं गेल्या वर्षी झालं होतं, त्यामुळं थोडंफार. मग मला का सांगितलं नाही? ते म्हणाले, "मी सांगायला लागलो तर तू भाकरी खा म्हणालीस." हे खरं आहे, पण हे उत्तर नव्हे.

"माझ्या पोरीचं बायॉलॉजी घालवलं तुम्ही."

"कुठं घालवलं? त्या कॉलेजात पण असतंच की बायॉलॉजी. विषय तर आता लिहायचेत," ते म्हणाले, आणि भाताचा कालवलेला घास ताटातच ठेवून पुढं म्हणाले, "तेवढं तिला विचार फक्त. तुझ्या त्या क्लार्कनं निदान तुझं नाव तरी विचारलं होतं."

बेडूक त्यांनी स्वतःहून काढायची ती पहिली वेळ. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मुलगी या तीन दिवसांत सकाळी माझ्या आधी उठून चहा करत होती. फसवणारा माणूस फार गोड वागतो, हे बाजारात बसलेल्या कुणालाही विचारा. पण चहात आलं मला लागतं तितकंच, ठेचून, किसून नाही. तेवढ्यावर मी चिडावं कसं?

चौथ्या दिवशी प्रवेश पक्का करायला आम्ही दोघी स्कूटीवर गेलो. मी मनात पुरती तयारी करून गेले होते. कॉलेज गेलं तर गेलं, विषय माझ्या हातात आहेत. खिडकीवर एक कागद मिळाला. इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री आधीच छापलेले. खाली दोन चौकोन रिकामे. त्यात गणित, बायॉलॉजी, जिऑलॉजी यांतले कोणतेही दोन लिहायचे, आणि तळाला पालकाची सही. जिऑलॉजी म्हणजे तिच्या दगडांचा विषय, आणि तो शहरात याच कॉलेजात होता, हे मला तिथं समजलं. खिडकीतल्या बाईला मी पहिलाच प्रश्न विचारला, "बायॉलॉजीला जागा आहे?" ती म्हणाली, "आहे की." मला बरं वाटलं. मी पर्समधून पेन काढलं.

"मम्मी, जिऑलॉजीवाले सर तिकडं बसलेत. नुसतं बघून येऊ."

"कशाला?"

"बघायला काय जातंय?"

बघायला काय जातंय म्हणत दुकानात शिरलेली बाई कधी रिकाम्या हातानं गेलेली मी पाहिलेली नाही. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर सात-आठ दगड आणि मागं पन्नाशीचे एक सर. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. बायॉलॉजीच्या टेबलापुढं रांग होती, गणिताच्या टेबलापुढं रांग होती, यांच्यापुढं कोणी नव्हतं. आम्हाला बघून ते अर्धवट उभे राहिले. दुकानदार गिऱ्हाइकाला बघून उभा राहिला की समजावं, माल पडून आहे.

"या या, बसा. जिऑलॉजी का?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"गेल्या वर्षी पोरं कमी होती," ते भोळेपणानं म्हणाले. इतका भोळा विक्रेता मी पाहिला नाही. "यंदा तुकडी झाली नाही तर विषयच बंद करा म्हणताहेत. पण होईल. होईल असं वाटतंय."

मी मुलीकडं पाहिलं. ऐकलंस? बंद पडणाऱ्या दुकानातून माल घेत नसतात. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं टेबलावरचा एक दगड उचलला, उलटा केला, ठेवला.

सरांनी विचारलं, "कुठून आलात तुम्ही?"

"राहतो इथंच," मुलगी म्हणाली. "मामाचं गाव लासूर स्टेशनकडं आहे. त्यांच्या विहिरीत वर मुरूम लागला, मग मांजऱ्या दगड, मग काळा. मांजऱ्यातच सगळ्या गारगोट्या निघाल्या. काळ्यात एक पण नाही."

सर खाली बसले. "मांजऱ्या हा शब्द कुणी सांगितला?"

"विहीरवाल्यांनी."

"पुस्तकात याला वेगळं नाव आहे. पण मांजऱ्याच चांगलं आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. मागं एकदा एका म्हातारीनं माझ्या दुकानात येऊन तिच्या लग्नातल्या शालूच्या काठाचा नेमका रंग मागितला होता आणि माझ्याकडं तो निघाला होता, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तेच आलं असणार.

मला वाटलं आता ही भाळली. आता हवी ती वस्तू छातीशी धरून उभी राहणार. पण तिनं दगड खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"सर, बाहेर नेता ना? डोंगरात, खाणीवर?"

"नेतो की."

"मुलींना पण?"

सर जरा घुटमळले. "म्हणजे, तसं... मुली कमी असतात ना. जबाबदारी असते. मागच्या वर्षी मुलांनाच नेलं होतं."

"अच्छा," ती म्हणाली. नुसतं अच्छा. आणि तिनं तो कागद सावकाश फाइलीत सरकवला. फाइलीचं बटण लावलं. ओढणी सारखी केली. "बघते मग सर. मम्मीला बायॉलॉजीच पाहिजे तसं."

ती उठली. एवढ्या हळू उठली की खुर्चीनं आवाजसुद्धा केला नाही. मी बघत राहिले. हे उठणं माझं आहे. मी ते वीस वर्षं ठोक बाजारात उठते आहे. पाठ वळवायची, पण पूर्ण नाही. चालायचं, पण तीन पावलंच. ते मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ती लहानपणी माझ्यासोबत यायची तेव्हा गाठोड्यावर बसून पेंगत असायची असं मला वाटायचं.

दोन पावलं झाली.

"अहो, थांबा थांबा," सर म्हणाले. "नेतो. मुलींनाही नेतो. मॅडम कुणीतरी सोबत घेऊ."

ती वळली. "प्राचार्यांना आधी विचारावं लागेल ना सर?"

"विचारतो."

"आज?"

"आजच विचारतो. तुम्ही बसा तर खरं."

रागाचं म्हणावं तर राग नव्हता. आयांना कौतुक वाटतं तसं काही मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं की शहागंजातल्या सगळ्यांनी हे पाहायला हवं होतं. चाचांनी तर नक्कीच.

मग तिनं कागद बाहेर काढला आणि माझ्यापुढं ठेवला. दोन चौकोन रिकामे. सर भले माणूस, त्यांनी मध्ये तोंड घातलं, "ताई, बायॉलॉजी हवं असेल तर गणित सोडा, बायॉलॉजी आणि जिऑलॉजी घ्या. डॉक्टरकीचा रस्ता पण राहतो."

झाला की सौदा. अर्धं माझं, अर्धं तिचं. माझ्यासारख्या बाईनं यावर आनंदानं उठायला हवं. मी मुलीला म्हणाले, "बघ, सर चांगलं बोलले. तुझे दगड पण आले. गणित सोड."

ती काही बोलली नाही. सरांशी एवढं बोललेली पोरगी. मी थांबले. ती काहीतरी म्हणेल, डोळे मोठे करील, 'मम्मी, असं थोडी असतं' म्हणेल. तिनं फक्त पेन माझ्याकडं सरकवलं. "गणिताशिवाय पुढं खाणीचं इंजिनिअरिंग होत नाही," ती टेबलाकडं बघत म्हणाली. "पण लिही तुला काय लिहायचं ते."

तीन पावलं नाहीत, अच्छा नाही, ओढणी नाही. सरांपुढं जी लढली ती माझ्यापुढं नुसती बसून राहिली, दगडाच्या बरण्या गेल्या तेव्हा बसली होती तशी. मी पेन धरलं. पहिल्या चौकोनावर ते बराच वेळ तसंच होतं. बायॉलॉजीच्या रांगेतला एक बाप आपल्या मुलाला जोरात सांगत होता, अक्षर नीट काढ.

मी पहिल्या चौकोनात गणित लिहिलं. दुसऱ्यात जिऑलॉजी. स्पेलिंग सरांनी सांगितलं. खाली सही केली, आणि सरांना बजावलं की विषय बंद पडला तर मी दुकान बंद करून इथं येऊन बसेन. ते म्हणाले, "या ना, तुकडीत एक माणूस वाढेल."

परत येताना स्कूटी ती चालवत होती. मागून मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, आणि मानेवरूनसुद्धा माणूस खूश आहे हे समजतं. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "तुला हेच पाहिजे होतं तर मला आधी का नाय विचारलं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असतेच!"

"मग?" ती म्हणाली. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि तिनं स्कूटी अशी काढली की पुढचं बोलणं वाऱ्यावर गेलं.

आता तिचं कॉलेज सुरू आहे. जिऑलॉजीची तुकडी झाली. पहिल्या सहलीला मुली गेल्या, सोबत एक मॅडम गेल्या, आणि ही संध्याकाळी गुडघ्यापर्यंत मळून परत आली. माळ्यावर आता बरण्या ठेवायला जागा नाही, मी बटणं पिशव्यांत ठेवते. डॉक्टरचं मी कुणापुढं काढत नाही. चाचांकडं ही गेली की ते तिला उस्ताद म्हणून हाक मारतात आणि मला नुसतं बेटी. याचंही मला काही नाही.

पण त्या 'मग?'चं काय? सगळे म्हणतात, झालं ना चांगलं, आता कशाला उकरतेस. मी उकरणार. मी 'नाही' म्हणाले असते, दोनदा म्हणाले असते, तिसऱ्यांदा ओरडले असते आणि गिऱ्हाइकासमोर ओरडले असते. पण ते माझं पहिलं 'नाही' असतं, बाजारातल्या पहिल्या भावासारखं. पहिलं 'नाही' कुणी घरी घेऊन जातं का? पोरी, त्या सरांचं पहिलं 'नाही' तू दोन पावलांत परत केलंस. ज्या माणसाला तू अर्धा तास ओळखत होतीस त्याच्याशी तू एवढी झगडलीस, आणि माझ्यासमोर पेन ठेवून गप्प बसलीस. माझ्यासमोर उठून दारापर्यंत जायला तुझे पाय का वळले नाहीत? मी मागून हाक मारणार नाही असं तुला कधी आणि कशावरून वाटलं? आणि तुम्ही, भाकरी खाणारे, तुम्हीही त्यात आहात. तिनं पाय ठेवला म्हणून तुम्ही थांबलात ते समजलं, पण तुम्हालाही तसंच वाटत होतं का?

दोघांनी माझ्यासमोर बसून सांगा. मोबाइल बाजूला ठेवून, आणि भाकरी खाऊन झाल्यावर. मी ओरडणार नाही असं म्हणत नाही. पण उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.